हळदीचा शेंबूड

आण्णा संध्याकाळी घरी आले की थेट परसात जायचे. टोपी खुंटीला, सदरा दोरीवर, आणि मग न्हाणीच्या कट्ट्याशी वाकून नाक शिंकरायचे. एकदा, दोनदा, चारदा. फरशीवर जे पडायचं ते पिवळं असायचं. सर्दीत असतो तसला मळकट पिवळेपणा नव्हे. हळकुंड मोडल्यावर आत दिसतो तो, नारिंगीकडं झुकलेला पिवळा. मग खाकरा काढायचे. तोही पिवळा. तांब्याभर पाणी ओतून फरशी धुवायची, चूळ भरायची आणि मगच घरात येऊन चहा मागायचा, असा त्यांचा नेम.

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका हळद पॉलिशच्या गोडाऊनमध्ये आण्णांनी 31 वर्षं काढली. ज्यांनी पॉलिश बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतातून काढलेली हळद शिजवतात, मग चांगले दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड दगडासारखं टणक होतं, पण दिसायला ओबडधोबड, मातकट, अंगावर खवले आणि मुळ्यांचे तंतू. ते मोठ्या लोखंडी ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरचं साल झडतं, आतला रंग वर येतो. जे झडतं त्याची भुकटी खाली पडते, आणि त्यातली बारीक असते ती हवेत उठते. जानेवारीत नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की पाऊस येईपर्यंत त्या गोडाऊनमधली हवा पिवळीच असायची. पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप भिंतीसारखी घट्ट दिसायची. आण्णांच्या पापण्या, कानावरचे केस, बनियनची शिवण, सगळं पिवळं. नाकाला फडकं बांधायचे, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात ड्रमशेजारी उभं राहून दिवसभर तोंड बांधून ठेवणं कुणाला जमणार?

त्यांच्याजवळ पाच-सहा रुमाल होते. आई ते वेगळे धुवायची. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्यांचा रुमाल भिजवून साबणाची वडी फिरवली आणि रुमाल लालभडक झाला. तिला वाटलं रक्तच. दुपारभर तो रुमाल हातात घेऊन ती पायरीवर बसून राहिली होती, असं ती सांगायची. माहेर वाळवा तालुक्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. हळदीचं पोतं तिनं बघितलेलं, पण हळदीत राबणारा माणूस बघितलेला नव्हता. शेवटी शेजारच्या आक्कांनी सांगितलं, अगं हळद हाय ती, साबण लागला की लाल हुतीया, उन्हात टाक, जातंय सगळं. खरंच उन्हानं डाग फिका व्हायचा. आज मी विज्ञान शिकवते. हळदीचा कागद आम्लारीत बुडवला की लाल होतो हे मुलांना दाखवताना दरवेळी मला पायरीवर बसलेली ती नवी नवरी दिसते.

मी सातवीत असताना आण्णा शाळेत पालकसभेला आले होते. कामावरून तसेच आले. सभेत त्यांना शिंका आल्या, त्यांनी रुमाल काढला, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून वर्षभर माझं नाव ‘हळदीचा शेंबूड’. त्या दिवशी घरी जाताना मी आण्णांच्या पुढं दहा-बारा पावलं चालत होते, ओळख नसल्यासारखी. त्यांनी हाक मारली नाही. मागून फक्त त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

हे आज लिहायला बसले त्याचं कारण पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य आहे. नाकातले केस आणि श्लेष्म, म्हणजे आपला शेंबूड, हवेतली धूळ अडवतात, अशा अर्थाचं. मी ते वाक्य कितीतरी वर्षं वर्गात वाचून दाखवत आले. प्रश्नोत्तरात येतं, एक गुणाला येतं, पुढं जायचं. एका वर्षी ते वाचता वाचता मी मध्येच थांबले. फरशीवर पडणारं ते पिवळं म्हणजे आत न गेलेली हळद होती. 31 वर्षं रोज संध्याकाळी आण्णा जे धुऊन टाकत होते, ती त्यांच्या शरीरानं दिवसभर दारात अडवून धरलेली भुकटी होती. मला लाज वाटली होती ती नेमकी त्याचीच.

मग मी वाचायला लागले, आणि वाचावं तेवढं मन भरून येत गेलं.

माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढतो. त्या हवेबरोबर काय काय येतं ते सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको: कारखान्याच्या हंगामातली उसाच्या ट्रॅक्टरची धूळ, फडातल्या पाचटाचा धूर, पूर ओसरल्यावर वाळलेल्या गाळाची माती. 2019 च्या पुरानंतर पंधरा दिवस गल्लीतल्या प्रत्येकाच्या नाकातून राखाडी निघत होतं. ही हवा कोरडी, गार, घाण कशीही असो, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाईतो ती ओली, उबदार आणि बरीचशी स्वच्छ झालेली असते. नाकातली वाट वाकडीतिकडी आहे. हवा वळते, पण जड कण वळत नाही. तो सरळ जाऊन भिंतीवर आदळतो आणि भिंतीवर असतो चिकट थर. शेंबडात माशी घोटाळावी, असं आपण गोंधळलेल्या माणसाबद्दल म्हणतो. कणाचं तेच होतं. त्यातूनही सुटलेले बारीक कण श्वासनलिकेत, तिच्या फाट्यांमध्ये अडकतात.

अडकवून भागत नाही, बाहेर काढावंही लागतं. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे रोमक असतात, एकेका पेशीवर दोनशेच्या घरात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. आणि कसे? वाऱ्यावर जोंधळ्याचं रान हलतं तसे, एकामागून एक लाट जावी तसे, आणि सगळे एकाच दिशेला, घशाकडं. रोमकांच्या भोवती पातळ पाण्यासारखा थर, म्हणजे त्यांना हलायला मोकळीक. आणि त्यांच्या टोकांवर दाट चिकट थर. खाली झपझप वल्ही चालताहेत आणि वर घाणीनं भरलेला तराफा मिनिटाला काही मिलीमीटर या गतीनं घशाकडं सरकतोय. घशाशी आला की आपण तो गिळतो. रात्री झोपेत, दिवसा बोलता बोलता. नाक आणि घसा मिळून दिवसाला साधारण लिटरभर श्लेष्म तयार होतो आणि त्यातला बहुतेक आपण नकळत गिळतो. पोटातलं आम्ल पुढचं बघून घेतं. आपल्याला त्याचा पत्ता लागतो तो फक्त सर्दी-पडशात. बारा महिने काम करणाऱ्या माणसाची आठवण तो आजारी पडल्यावर यावी, तसं आहे हे.

त्यात असतं काय, तर सुमारे 95 टक्के पाणी. उरलेल्यात क्षार, थोडी चरबी, जंतूंशी लढणारी प्रथिनं आणि म्युसिन. सगळी करामत या म्युसिनची. मध्ये प्रथिनाचा लांब दोरा आणि त्याच्या सर्व बाजूंनी साखरेच्या साखळ्यांची झालर, बाटली घासायच्या ब्रशासारखी. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, दोरे एकमेकांत गुंततात आणि जाळं होतं. पेशीच्या आत म्युसिन दाबून, गच्च घडी करून ठेवलेलं असतं. बाहेर पडलं की पाणी पिऊन शेकडो पट फुगतं.

साखरेच्या साखळ्या हे वाचलं तेव्हा मला मामांचं गुऱ्हाळ आठवलं.

थंडीत आम्ही आईच्या माहेरी जायचो तेव्हा मामांचं गुऱ्हाळ चालू असायचं. काहिलीत आदण चढलेलं, चुलवाणात चिपाड धडधडतंय, गुळव्या काठावर उभा. घाण्यातून आलेला रस गढूळ, हिरवट असतो. त्यात माती, उसाचे तंतू, काय काय असतं. रस तापायला लागला की गुळव्या बादलीतून भेंडीचं पाणी ओतायचा. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजत घातली की त्यांचा बुळबुळीत, तार धरणारा रस पाण्यात उतरतो. तेच हे पाणी. मी एकदा त्यात हात घातला होता आणि किळस येऊन झटकला होता. गुळव्यानं माझा हात धरून पुन्हा बादलीत घातला. “घाबरतीस काय? ह्येच्याबिगर गूळ काळा हुईल,” तो म्हणाला. आणि मग काहिलीकडं बघ म्हणाला. रस उकळायला लागला तशी ती बुळबुळ रसातला सगळा मळ कवटाळून वर घेऊन आली. फेसाळ, काळपट मळीचा जाड थर. मोठ्या झाऱ्यानं ती मळी काढून टाकली आणि खाली रस कसा झाला म्हणाल, तर ज्वाळेच्या उजेडात सोन्यासारखा.

त्या भेंडीच्या चिकटपणामागंही साखरेच्या लांब साखळ्याच असतात. झाडाच्या खोडात आणि माझ्या आण्णांच्या नाकात एकाच धर्तीची वस्तू, एकाच कामाला. धरायचं, गुंतवायचं, वर आणायचं.

गुऱ्हाळाचा वास कोपऱ्यावरूनच यायचा. आणि वासाचंही असंच आहे. नाकाच्या छताशी वास ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांची टोकं श्लेष्मात बुडालेली. वासाचा कण आधी त्या थरात विरघळतो आणि मगच पेशीला भेटतो. गरम काकवीचा, पहिल्या पावसाच्या मातीचा, बाळाच्या टाळूचा असा कुठलाच वास आपल्याला कोरड्या नाकानं आलेला नाही.

आपल्या भाषेनं या वस्तूला घरगुती नावं पुष्कळ दिली. शेंबूड, मेकूड, बेडका, खाकरा, चिपडं, आव. उच्चारताना नाक मुरडावं अशीच सगळी. संस्कृतातून आलेला शब्द मात्र मला फार आवडतो. श्लेष्मा हा ‘श्लिष्’ धातूवरून आला. श्लिष् म्हणजे चिकटणं, मिठी मारणं. आश्लेष म्हणजे आलिंगन, तो याच धातूचा. कवितेतला श्लेष, एका शब्दाला दोन अर्थ बिलगलेले, तो याचाच. संश्लेषण आणि विश्लेषण हे शब्द आम्ही विज्ञानात रोज वापरतो, तेही याच घरातले. आणि आश्लेषा नक्षत्रसुद्धा, ज्याला आमच्याकडचे शेतकरी आसळका म्हणतात. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला पाऊस आसळकाचा. ज्यानं कुणी शरीरातल्या या चिकट पदार्थाला मिठीचं नाव दिलं, त्यानं तो नीट न्याहाळला असणार.

वर्गात एक गोष्ट मी दरवर्षी सांगते. 1921 साल, लंडन. अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्यानं आपल्याच नाकातला श्लेष्म घेऊन जंतू वाढवायच्या बशीत टाकला. काही दिवसांनी बघतो तर त्या श्लेष्माच्या आसपास एका जातीचे जंतू विरघळून गेलेले. त्यात जंतूंच्या भिंती फोडणारं विकर होतं, लायसोझाइम. अश्रूंत, लाळेत, अंड्याच्या पांढऱ्यातही ते असतं. 1922 मध्ये त्यानं ते जगापुढं मांडलं. पेनिसिलिनची बुरशी त्याला दिसली ती नंतर, 1928 मध्ये. शाळेत सगळ्यांना बुरशीची गोष्ट ठाऊक असते. शेंबडाची ऐकवली की मुलं आधी हसतात, मग एकदम गप्प होतात, आणि एखादं पोरगं हळूच नाकाला हात लावून बघतं.

हिरव्या शेंबडाचंही सांगते, कारण त्यावरून घराघरात औषधं चालू होतात. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये लोह असलेलं एक विकर असतं, त्याचाच रंग हिरवा. हिरवं निघालं म्हणजे लढाई चालली आहे एवढं कळतं. समोर विषाणू आहे की जीवाणू हे रंगावरून कळत नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी नाक हिरवं-पिवळं होतं. तेवढ्यावरून अँटिबायोटिक आणून पोराला पाजायचं नसतं. दुधानं कफ वाढतो हेही आपल्याकडं पक्कं धरलेलं. दूध लाळेत मिसळून घशाशी दाट लागतं, म्हणून तसं वाटतं. श्लेष्म त्यानं जास्त तयार होत नाही.

पोटाचा विषय आला की मला आई आठवते. तिचे गुडघे दुखायचे आणि ती मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून चहाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी, महिनोन्‌महिने. जठरातलं आम्ल इतकं तीव्र की मांस पचवतं. मग जठर स्वतःच का पचत नाही? आतून श्लेष्माचं अस्तर आहे म्हणून. त्या अस्तरात सोड्यासारखा क्षार मुरलेला असतो, त्यामुळं अस्तराच्या एका बाजूला जळजळीत आम्ल आणि दुसऱ्या बाजूला, मिलीमीटरभरसुद्धा अंतर नाही, जवळजवळ साधं पाणी. दुखणं थांबवणाऱ्या यातल्या बऱ्याच गोळ्या हे अस्तर तयार करणारा निरोपच तोडतात. आईला एका पहाटे काळी शी झाली, डांबरासारखी, तेव्हा कळलं की आतून रक्त जातंय. वेळेत नेली म्हणून वाचली. कुणाच्या घरी कुणी अशा गोळ्या परस्पर घेत असेल तर आजच डॉक्टरांना विचारा, हे मी पाया पडून सांगते.

त्या अस्तरात घुसणारा जंतूही आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरियापासून अमोनिया करतो, आजूबाजूचं आम्ल मारतो. आम्ल मेलं की तिथला घट्ट श्लेष्म पातळ होतो आणि जंतू त्यातून पोहत आत जातो. अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो असंच सगळे मानत होते तेव्हा, 1984 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनं या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि पोटाला सूज आणून घेतली. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला, रॉबिन वॉरेनला, 2005 चं नोबेल मिळालं.

मुलींना जे सांगते ते इथंही लिहायला पाहिजे. नववीच्या मुलींबरोबर वर्षातून एकदा दार लावून बसते. दरवर्षी एखादी चिठ्ठी येतेच: बाई, माझ्या अंगावरून पांढरं जातं, माझी हाडं वितळताहेत का? ही भीती कुणीतरी आजी-मावशीनं घातलेली असते. हाडं वितळत नाहीत गं. गर्भाशयाच्या तोंडाशी श्लेष्म तयार होतो आणि तो महिन्याच्या दिवसांप्रमाणं बदलतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमाराला, तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, तार धरणारा होतो, कारण तेव्हा शुक्राणूला वाट द्यायची असते. एरवी दाट असतो, वाट बंद. दिवस राहिले की त्याचंच घट्ट बूच बसतं आणि नऊ महिने बाळाच्या दाराशी राहतं; बाळंतपण जवळ आलं की ते सुटून पडतं. खाज असेल, घाण वास असेल, रंग हिरवट असेल, तर डॉक्टर. नाहीतर ते शरीराचं नेहमीचं काम आहे. हे सांगून झालं की काही मुलींचे खांदे खाली येतात. मला ते दिसतं.

आता आण्णा.

आण्णा बिडी ओढायचे, दिवसाला बंडल. हळदीच्या भुकटीशी दोन हात करणारी ती रचना बिडीपुढं हरली. धुरानं रोमक मंदावतात, वर्षानुवर्षं धूर जात राहिला की झडतात; आणि श्लेष्म करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. म्हणजे तराफे दुप्पट आणि वल्ही संपलेली. मग कफ वर आणायला एकच उपाय उरतो, खोकला. आण्णांची पहाट खाकरण्यात जायला लागली. बिडी सोडली, पण 60 व्या वर्षी. आम्ही तेव्हा विश्रामबागकडं फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. भिंतीपलीकडून तक्रार आली, पहाटे चारला तुमच्याकडचा आवाज येतो म्हणून. आण्णा उशी तोंडावर धरून खोकायला लागले.

त्याच सुमाराला एका दवाखान्यात आम्ही त्यांना नेलं. खोकल्यानं झोप नाही, एवढंच मी सांगितलं. छाती न तपासता खोकला दाबणारं औषध मिळालं. औषध गुणकारी होतं, आण्णा तीन रात्री गाढ झोपले आणि मी खूश होते. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा तळ पांढरा. जो कफ बाहेर यायला धडपडत होता तो आम्हीच आत कोंडला होता. ज्या खोकल्यातून कफ पडतो तो खोकला असा दाबायचा नसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. विज्ञान शिकवते मी.

क्षयाची शंका होती म्हणून बेडका तपासायला द्यायचा ठरला. आमच्या आजीच्या तोंडी वानलेसवाडी हा शब्द गावाचं नाव म्हणून नसायचाच. अमक्याला वानलेसवाडीला ठेवलाय म्हणजे त्याला क्षय झालाय. डॉ. वानलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांचं आरोग्यधाम झालं ते त्यांच्याच नावानं. आण्णांनी वाट न बघता विचारलं, “वानलेसवाडी का गं?” मी नाही म्हणाले. माझाही आवाज बरोबर नव्हता.

प्रयोगशाळेतल्या मुलानं डबी दिली. आण्णांनी पहिल्यांदा नुसती थुंकी दिली. तो म्हणाला, “आजोबा, थुंकी नको. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरा, मोठा श्वास घ्या आणि खालनं काढा. छातीतनं. बेडका पायजे.” आण्णा त्याच्याकडं बघतच राहिले. आयुष्यभर जे लपवून, पाणी ओतून, उशीत तोंड खुपसून काढलं, ते कुणीतरी नाव लिहिलेल्या डबीत मागत होतं. 24 मार्च 1882 ला रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला. तेव्हापासून आजपर्यंत त्या जंतूचा माग बहुतेक वेळा याच बेडक्यातून लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी डबी भरून, झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिली. “बघ, ह्यो चांगला हाय का?”

क्षय नव्हता.

न्यूमोनिया ओसरला तरी कफ सुटत नव्हता. मिरजेहून फिजिओथेरपीची एक मुलगी घरी यायची, लहानखुरी, पंचविशीतली. तिनं मला शिकवलं. आण्णांना डाव्या कुशीवर झोपवायचं, कमरेखाली उशी, म्हणजे उजव्या फुप्फुसाचा तळ वर येतो आणि कफ आपल्याच वजनानं घशाकडं उतरायला लागतो. मग पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या भागात, तळवा ओंजळीसारखा वाकवून थापट्या. सपाट हात पडला तर चटका बसतो आणि आवाज चपचप येतो. ओंजळ बरोबर असली की पोकळ आवाज येतो, दमदार, रिकाम्या घागरीवर हात मारल्यासारखा. “आवाजाकडं लक्ष ठेवा ताई,” ती म्हणायची. दहा मिनिटं थापट्या, मग उठवून बसवायचं आणि आरशावर वाफ सोडतो तसा “हाऽऽ” करायला लावायचं, दोनदा. मग एकच खोकला. आणि दिवसभर पाणी, कोमट, थोडं थोडं; श्लेष्मात 95 टक्के पाणी, ते कमी पडलं की तो डिंकासारखा धरून बसतो.

पहिले चार दिवस काहीच आलं नाही. आण्णांची पाठ इतक्या जवळून मी कधी बघितलेली नव्हती. उजव्या खांद्यावर पोती उचलून पडलेला घट्टा. मानेखालच्या सुरकुतीत अजून पिवळसर छटा आहे की मला भास होतोय, कुणास ठाऊक. काम सोडून तेव्हा बारा वर्षं झाली होती. हात थापट्या देत राहायचा आणि मला शाळेचा रस्ता आठवायचा. पाचव्या दिवशी थापट्या चालू असतानाच हाताखाली काहीतरी हललं. घरघर. आतमध्ये काहीतरी सुटून वाटेला लागलं होतं, आणि ते मला तळव्याला कळलं.

“आण्णा, उठा. हाऽऽ करा.”

त्यांनी केलं. मग खोकला आला, पार तळातून. मी झाकणाचं भांडं पुढं धरलं. बेडका पडला, दाट, गढूळ, हिरवट. त्यामागून दुसरा. आण्णा दमून माझ्या खांद्याला टेकले. मी भांडं तसंच हातात धरून उभी.

आता रोज सकाळी सहाला हे चालतं. भिंतीपलीकडच्या काकूंना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आल्याचा काढा पाठवून दिला. आण्णा उशी तोंडावर धरत नाहीत. आज थंडी जास्त होती, थापट्यांना वेळ लागला. नंतर त्यांनी भांड्यात वाकून बघितलं, गोडाऊनमध्ये हळकुंड मोडून बघायचे तसं, डोळे बारीक करून.

“आज पांढरा हाय,” म्हणाले. “च्या ठेव.”